हिवाळ्यात स्लेजच्या कुत्र्यांना भेटायला एकटीने जायचे आहे: ट्रॉम्सो योग्य की आणखी कुठे?

माणदेशी (प्रश्न)

नमस्कार.

येत्या हिवाळ्यात उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो या गावी आठ-नऊ दिवसांसाठी एकटीने जाण्याचा माझा विचार आहे, आणि त्यामागचे कारण एकच आहे: स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणारे कुत्रे. उत्तरध्रुवीय प्रकाश दिसला तर पाहीनच, परंतु त्याच्या शोधात रात्र रात्र गाडीतून हिंडण्याची मला हौस नाही.

माझे वय ५६ आहे. बँकेतील नोकरीतून गेल्या वर्षी निवृत्त झाले. बालपण म्हसवडजवळच्या एका वाडीत गेले. सुगी झाली की आमच्या रानात खतासाठी मेंढरे बसवली जात आणि धनगरांच्या वाड्याबरोबर त्यांचे कुत्रेही येत. दिवसभर बाभळीखाली मेल्यासारखा पडून राहणारा तो कुत्रा वाडा हलण्याच्या पहाटे मात्र, घोड्यांवर बिऱ्हाड चढण्याच्या कितीतरी आधी, कान टवकारून वाटेच्या तोंडाशी उभा असे. कोणी सांगितलेले नसताना त्याला आज निघायचे आहे हे कसे कळते, याचे मला लहानपणी फार नवल वाटे आणि ते अजूनही ओसरलेले नाही.

सध्या मी पुण्यात ज्या इमारतीत राहते तिच्या सातव्या मजल्यावर एक हस्की आहे. एक डोळा निळा, दुसरा तपकिरी. एप्रिल-मे महिन्यांत तो एसीच्या खोलीतून फक्त सकाळ-संध्याकाळ बाहेर येतो. लिफ्टमध्ये तो समोर आला की हा कुत्रा ज्या कामासाठी घडला ते काम करताना त्याला एकदा पाहावे, असे मनात येते. माझ्या सहलीचे मूळ तेथे आहे.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. कोणता महिना निवडावा? कुत्र्यांसाठीच जायचे असेल तर ट्रॉम्सो योग्य आहे की दुसरे गाव पाहावे? एकट्या व्यक्तीला स्लेज मिळते का? माझा उजवा गुडघा थोडा कुरकुरतो आणि मी शाकाहारी आहे, याची अडचण किती होईल? आणि सर्वांत महत्त्वाचे, हे कुत्रे खरोखर आनंदाने धावतात, की पैसे मोजून आलेले पर्यटक आपल्या सोयीसाठी तशी समजूत करून घेतात? आपण कोणी प्रत्यक्ष जाऊन आला असाल तर सविस्तर लिहावे, ही विनंती.

ओस्लोवासी

माणदेशीताई, मी अकरा वर्षे नॉर्वेत राहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे चार वेळा गेलो आहे. त्यातील दोन वेळा चुकीच्या महिन्यात गेलो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी थोडे अधिकाराने देऊ शकतो.

ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस सुमारे ३५० किलोमीटरवर आहे. हा आकडा ऐकून आपण भारतातून भीतीदायक थंडीची तयारी करून निघतो, परंतु समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे तेथील जानेवारीचे सरासरी तापमान उणे ४ अंशांच्या आसपासच असते. बर्फ पुष्कळ पडतो, पण मध्येच दोन दिवस पाऊस येतो, बर्फ वितळून गोठतो आणि गावातील चढ-उताराचे रस्ते तेल सांडलेल्या फरशीसारखे होतात. आपल्या गुडघ्याला धोका थंडीपासून नाही, तो या फरशीपासून आहे. बुटांच्या तळाशी चढवायचे काटेरी रबरी पट्टे तेथे कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. त्यांना ब्रॉडर म्हणतात. विमानतळावरून गावात पोहोचल्यावर चहा पिण्याच्याही आधी ते विकत घ्यावेत, असे मी अगदी गांभीर्याने सांगतो.

महिन्याविषयी सांगायचे तर २७ नोव्हेंबरच्या सुमारापासून १५ जानेवारीपर्यंत ट्रॉम्सोमध्ये सूर्य क्षितिजावर येतच नाही. दक्षिणेकडच्या डोंगरांमुळे गावाला त्याचे दर्शन २१ जानेवारीच्या आसपास होते. त्या दिवशी तेथील लोक सूर्याच्या नावाचे गोड बन खातात आणि शाळेतील मुले बाहेर येऊन उभी राहतात. सूर्य नसतो त्या काळात अगदी काळोख असतो असे नाही. दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड पसरतो आणि तो फार सुंदर असतो. परंतु आपल्याला कुत्रे पाहायचे आहेत, त्यांचे पाय, त्यांचे कान, त्यांच्या आपापसातील कुरबुरी पाहायच्या आहेत, आणि डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात शेवटच्या दोन कुत्र्यांच्या पार्श्वभागांखेरीज काही दिसत नाही. म्हणून फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्च निवडावा. दिवस मोठा असतो, बर्फ दबून बसलेला असतो आणि रात्री तरीही काळोख असल्याने उत्तरध्रुवीय प्रकाशाची संधी जात नाही.

आता गावाविषयी. ट्रॉम्सोमधून निघणाऱ्या बहुतेक सहली शेजारच्या क्वालोया बेटावर किंवा तास-सव्वा तासावरच्या तामोक दरीत जातात. दरी समुद्रापासून आत असल्याने तेथे थंडी अधिक आणि बर्फाचा भरवसा जास्त असतो. कुत्र्यांनाही तेच मानवते. उणे १० ते उणे २० हे त्यांच्या कामाचे सुखाचे तापमान आहे आणि शून्याच्या वर गेले की धावताना त्यांना उकाडा होतो. परंतु आपला हेतू पाहता मी ट्रॉम्सोमध्ये दोनच दिवस ठेवून पुढे आल्टाला जाण्याचा सल्ला देईन. आल्टा सत्तराव्या अक्षांशाजवळ, एका फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीच्या, टोकाशी आहे, आणि तेथून दक्षिणेला फिनमार्कचे पठार सुरू होते. याच पठारावरील कारास्योक येथे १८८६ साली उणे ५१.४ अंश तापमान नोंदले गेले आणि नॉर्वेतील नीचांक अजूनही तोच आहे. घाबरू नये, मार्चमध्ये तशी वेळ येत नाही. आल्टातूनच फिनमार्क्सलोपे ही कुत्र्यांच्या स्लेजची शर्यत दर वर्षी मार्चमध्ये सुटते. १९८१ साली सुरू झालेल्या या शर्यतीचा सर्वांत मोठा मार्ग सुमारे १२०० किलोमीटरचा आहे. ट्रॉम्सोला रेल्वे नाही, आणि तेथून आल्टाला बसने जाण्यात अख्खा दिवस मोडतो. छोट्या विमानाने तासाभराच्या आत पोहोचता येते.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांसाठी एकत्र चालणारा, लागेल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि शुल्क ९० युरो आहे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि राहण्याच्या खर्चासाठी दिवसाला ५०० क्रोन (नॉर्वेचे चलन) या हिशेबाने पैसे दाखवावे लागतात. विमा घेताना स्लेज चालवणे त्यात धरले आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

पायवाट

माणदेशीताई, दोन वर्षांपूर्वी मी असाच प्रवास एकटीने केला. वय आपल्याहून नऊ वर्षांनी कमी, पण धास्ती तेवढीच होती. ओस्लोवासी यांनी जे सांगितले ते मला आधी कोणी सांगितले असते तर माझे पहिले पैसे वाचले असते.

ते पैसे असे गेले. ट्रॉम्सोमध्ये उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीची सहल मी पुण्यातूनच ठरवली होती. आदल्या रात्री पाऊस झाला होता. आम्हा पंचवीस-तीस जणांना बसने नेऊन, बर्फ कमी आहे असे सांगून, चाके लावलेल्या गाडीत बसवले आणि चिखलाच्या वाटेने पाऊण तास फिरवून आणले. नियमांत तशी तरतूद होती, मीच ती वाचली नव्हती. कुत्र्यांना हात लावायला मिळालेली वेळ दहा मिनिटांची, आणि त्या दहा मिनिटांत सगळ्यांना छायाचित्रे काढायची होती. एकट्या प्रवाशाविषयी विचारले आहे म्हणून सांगते, अशा सहलीत दोघांना मिळून एक स्लेज देतात. एक जण चालवतो, दुसरा बसतो आणि अर्ध्या वाटेत जागा बदलतात. एकट्याला बहुधा अनोळखी जोडीदार मिळतो किंवा जादा पैसे भरावे लागतात. अर्ध्या दिवसाच्या सहलीला माणशी दोन हजार क्रोन किंवा त्याहूनही अधिक लागतात, हे धरून चालावे.

मग मी आल्टाच्या दक्षिणेला, गावापासून आत असलेल्या एका लहान केनेलमध्ये, म्हणजे स्लेजचे कुत्रे पाळतात त्या आवारात, दोन रात्री राहिले, आणि त्या दोन दिवसांविषयी मला लिहायचे आहे.

तेथे साठेक कुत्रे होते. प्रत्येकाचे लाकडी घर, त्यावर नाव रंगवलेले, आत पेंढा. पहिली गोष्ट म्हणजे ते आपल्या सातव्या मजल्यावरच्या हस्कीसारखे दिसत नाहीत. केसाळ, निळ्या डोळ्यांचा सैबेरियन हस्की तेथे क्वचितच होता. बहुतेक सगळे अलास्कन हस्की होते, म्हणजे कोणत्याही संस्थेने मान्य केलेली जात नसून पळण्याच्या आणि खाण्याच्या गुणांवर पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले संकर. अंगाने सडसडीत, लांब पायांचे, कोणी काळा, कोणी तांबूस, कोणाचा एक कान पडलेला. मला तर ते आपल्या गावाकडच्या कुत्र्यांसारखेच वाटले आणि का कोण जाणे, त्यामुळे अर्धी भीती गेली.

सकाळी सातला माझे पहिले काम फावडे आणि बादली घेऊन विष्ठा गोळा करणे हे होते. दुसरे काम मांसाचे तुकडे घातलेले कोमट पाणी प्रत्येकाच्या भांड्यात ओतणे. गोठलेले पाणी पिता येत नाही आणि नुसते पाणी थंडीत ते पुरेसे पीत नाहीत, म्हणून ही युक्ती. मी शाकाहारी आहे. त्या बादलीचा वास पहिल्या दिवशी सोसवला नाही, दुसऱ्या दिवशी जाणवलाही नाही. माझ्या स्वतःच्या जेवणाची अडचण मुळीच झाली नाही. आधी कळवले होते, त्यामुळे रेनडिअरच्या रश्श्याऐवजी मला कंदमुळांचे सूप मिळाले. सोबत शेंगदाण्याची चटणी होती, ती मालकांनाही आवडली.

नंतर हार्नेस, म्हणजे स्लेज ओढण्यासाठी अंगात चढवायचे पट्टे, घालणे. तूवा नावाच्या एका वयस्क कुत्रीला मी हार्नेस उलटा घालत होते. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग पुढचा डावा पाय स्वतःच उचलून पट्ट्यात घातला आणि उजवा पाय उचलून तसाच धरून ठेवला, जणू एखाद्या नवख्या शिक्षिकेला पोरगी सदऱ्याचे बटण दाखवते आहे. हा प्रसंग मला त्या सगळ्या प्रवासात सर्वांत जवळचा वाटतो.

जुंपणे सुरू झाले की कुत्र्यांचा जो कल्लोळ उठतो त्याचे वर्णन करणे कठीण आहे. जे जुंपले गेले ते जागच्या जागी उड्या मारतात, ज्यांना आज सुट्टी आहे ते घरांच्या छपरावर चढून आक्रोश करतात. स्लेज एका दोराने खांबाला बांधलेली असते, कारण नुसता ब्रेक त्यांना धरू शकत नाही. दोर सुटला की मात्र एका क्षणात सगळे शांत होते. त्यानंतर केवळ बर्फावर सरकणाऱ्या पट्ट्यांचा आवाज आणि चोवीस पावलांची टपटप. माझ्या स्लेजला सहा कुत्रे होते: पुढे दोन वाट धरणारे, मध्ये दोन, आणि स्लेजच्या लगत सर्वांत दणकट जोडी. मोठ्या नांगराला धुरेची जोडी जशी असते, तशी ही जोडी वळणावर आणि चढावर वजन पेलते. कासरा नसतो. उजवीकडे वळण्यासाठी 'जी' आणि डावीकडे 'हॉ' असे शब्द आहेत, आणि ते मुळात इंग्रज गाडीवानांचे, बैला-घोड्यांसाठी वापरायचे शब्द आहेत, हे तेथेच कळले. खरे सांगायचे तर मला ते उच्चारायची वेळ आली नाही, कारण पुढे मालकांची स्लेज होती आणि माझे कुत्रे तिच्या मागे जात होते.

आता गुडघा. चालवणारा मागे दोन पट्ट्यांवर उभा राहतो. उतारावर ब्रेकवर पूर्ण वजन टाकावे लागते आणि चढावर एका पायाने रेटावे किंवा उतरून ढकलावे लागते. मी चढावर नुसती उभी राहिले, तर धुरेच्या जोडीतील डावा कुत्रा मान वळवून माझ्याकडे पाहत राहिला. नजरेत राग नव्हता, विचारपूस होती: तुझे काय चालले आहे? मी उतरले आणि ढकलू लागले तसा तो पुढे पाहू लागला. एका वळणावर मी पडलेही. काहीही झाले तरी दांडा सोडायचा नाही असे शिकवलेले असते, पण दहा-बारा पावले फरफटत गेल्यावर मी तो सोडला. मालकांनी पुढे स्लेज आडवी घातली म्हणून कुत्रे थांबले. लागले काही नाही, बर्फ कोटात शिरला एवढेच. आपण मालकांना गुडघ्याविषयी आधीच सांगावे. ते चार कुत्र्यांची, हळू जाणारी जोडणी देऊ शकतात किंवा सपाट नदीपात्रावरची वाट निवडतात, आणि बसून जाण्यातही कमीपणा काही नाही. बसलेल्या माणसाला कुत्रे अधिक चांगले दिसतात.

रोखठोक

पायवाट यांचे लेखन वाचून आनंद झाला, तरी माणदेशी यांच्या शेवटच्या प्रश्नाकडे सगळ्यांनी थोडी पाठ फिरवली आहे. कुत्रे ओरडतात, उड्या मारतात, म्हणून ते सुखी आहेत, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. सुटण्याच्या क्षणी ते उत्सुक असतात हे मान्य आहे. धावण्याची ओढ त्यांच्या रक्तात आहे हेही मान्य. प्रश्न त्यांच्या उरलेल्या बावीस तासांचा आहे.

मी स्वीडनच्या बाजूला, किरूनाजवळ, दोन केनेल पाहिली. दोन्हीकडे कुत्रे साखळीला होते. एका ठिकाणी साखळ्या अशा लांब होत्या की शेजारच्या दोघांना खेळता येई, आणि दिवसातून एकदा टोळीटोळीने त्यांना मोठ्या कुंपणात मोकळे सोडत. दुसऱ्या ठिकाणी तसे काही दिसले नाही, आणि हंगामाच्या गर्दीत तेच कुत्रे दिवसाला तीन-तीन फेऱ्या करत होते. बाहेरून दोन्ही सहलींची छायाचित्रे अगदी सारखी दिसतील. म्हणून पैसे भरण्यापूर्वी पत्र लिहून विचारावे: एक कुत्रा आठवड्यात किती दिवस धावतो, उन्हाळ्यात त्यांचे काय करता, आणि म्हातारे झालेले कुत्रे कुठे जातात. ज्या केनेलमध्ये निवृत्त कुत्रे मालकांच्या घरात चुलीपुढे पडलेले असतात, तेथील माणसे या प्रश्नाने चिडत नाहीत, उलट चार पानी उत्तर पाठवतात. मोघम उत्तर आले तर तेच उत्तर समजावे.

इतिहासाविषयीही थोडे. ट्रॉम्सोमध्ये दक्षिण ध्रुवावर सर्वप्रथम पोहोचलेले रोआल्ड आमुंडसेन यांचा पुतळा आहे आणि ध्रुवीय संग्रहालयात त्यांच्या मोहिमांच्या वस्तू आहेत. ते १९११ साली ५२ कुत्रे घेऊन दक्षिण ध्रुवाकडे निघाले आणि त्यांपैकी ११ परत आले. उरलेल्यांपैकी बरेचसे ठरलेल्या योजनेनुसार मारून इतर कुत्र्यांना आणि माणसांना खाऊ घालण्यात आले. माणसे सगळी सुखरूप परतली ती या हिशेबामुळे. पुतळ्याकडे पाहताना हा आकडा मनात असावा, इतकेच माझे म्हणणे आहे. दुसरी बाजूही सांगतो. १९२५ साली अलास्कातील नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा सुमारे २० स्लेजचालकांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने १००० किलोमीटरांहून अधिक अंतर पार करून त्यावरचे प्रतिविष औषध पोहोचवले. त्यातील सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा पार करणारे लिओनार्ड सेपाला हे मूळचे याच भागातले, ट्रॉम्सोच्या ईशान्येकडील शेर्वोय बेटावर वाढलेले. त्यांचा पुढारी कुत्रा टोगो तेव्हा बारा वर्षांचा होता. शेवटच्या टप्प्यात औषध घेऊन गावात शिरला तो बाल्टो, म्हणून न्यूयॉर्कच्या बागेत पुतळा उभा राहिला तो बाल्टोचा. काम एकाचे आणि हार दुसऱ्याला, हे कुत्र्यांनाही चुकलेले नाही.

वास्कोकर

माझी भर थोडी वेगळ्या दिशेची आहे. आमच्या गोव्यातील वास्कोत राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. याच केंद्राचे हिमाद्री हे स्थानक २००८ पासून स्वालबार्ड द्वीपसमूहातील न्यू-ऑलेसुन येथे चालते आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रथमच भारतीय शास्त्रज्ञ ऐन हिवाळ्यात तेथे राहायला गेले. त्यामुळे इथल्या पुष्कळांना वाटते की आर्क्टिक म्हणजे स्वालबार्डच. माणदेशी यांनाही कोणीतरी तेथील लाँगइयरब्येन सुचवेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ते गाव ७८ अंश उत्तरेवर आहे आणि कुत्र्यांच्या स्लेज तेथेही मिळतात. स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राच्या बाहेर आहे, पण जाण्याची वाट नॉर्वेतूनच असल्याने शेंगेन व्हिसा दोन प्रवेशांचा घ्यावा लागतो. एकच प्रवेश असेल तर परतताना अडचण होते. शिवाय ध्रुवीय अस्वलांमुळे वस्तीबाहेर एकट्याने जाणे धोक्याचे असते, आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तेथे ध्रुवीय रात्र असते. पहिल्या प्रवासाला हे सगळे कशाला?

ग्रीनलंडची गोष्ट निराळी आहे. कुत्र्यांचे काम अजून जगण्याशी बांधलेले पाहायचे असेल तर इलुलिसात किंवा त्याच्या उत्तरेकडील गावे. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि पूर्व ग्रीनलंडमध्ये स्थानिक जातीखेरीज दुसरा कुत्रा नेण्यासही मनाई आहे, जेणेकरून जात निर्भेळ राहावी. तेथे सगळे कुत्रे पंख्याच्या काड्यांसारखे वेगवेगळ्या दोरांनी जुंपतात, कारण उघड्या समुद्रबर्फावर झाडांचा अडथळा नसतो आणि तडा आला तर प्रत्येकाला आपापली जागा निवडता येते. पण ते कुत्रे लाडाचे नाहीत. साखळीला बांधलेल्या कुत्र्याजवळ परक्याने जाऊ नये, असे तेथे बजावून सांगतात. ज्यांना कुत्र्यांना भेटायचे आहे, त्यांच्याशी बोलायचे आहे, त्यांनी नॉर्वेच निवडावे. ग्रीनलंडसाठी व्हिसाही वेगळा नोंदवून घ्यावा लागतो, साधा शेंगेन तेथे चालत नाही.

माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे मी तीनदा वाचली आणि वहीत उतरवून घेतली.

बेत आता असा बदलला आहे. मार्चमध्ये जाईन. ट्रॉम्सोमध्ये दोन रात्री, मग आल्टा, आणि तेथे पायवाट यांच्यासारखीच केनेलमध्ये तीन रात्री. शर्यत सुटताना पाहायला मिळावी अशी फार इच्छा आहे, म्हणून तारखा त्या हिशेबाने जुळवते आहे. रोखठोक यांचे तीन प्रश्न मी चार केनेलना लिहून पाठवले. दोघांचे उत्तर आले. एकाने दरपत्रक पाठवले. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी त्यांच्या अकरा निवृत्त कुत्र्यांची नावे, वये आणि प्रत्येकाची एकेक खोड लिहून पाठवली आहे. त्यांतील एक जण स्वयंपाकघराचे दार नाकाने उघडतो म्हणे. तेथेच पैसे भरणार आहे. गुडघ्याविषयीही त्यांना कळवले, तर त्यांनी विचारले की मी कधी जनावर हाकले आहे का. मी बैलगाडीचे लिहिले. त्यावर त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.

दोन लहान शंका उरल्या आहेत. आमच्याकडे मेंढरांच्या कुत्र्यांना दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी देत. तशा वाळवलेल्या भाकरी मी नेल्या तर चालतील का? आणि माझ्याकडे वडिलांची काळी घोंगडी आहे, ती न्यावी की तिकडची जाकिटे पुरतील?

ओस्लोवासी

ताई, भाकरी आपल्यासाठी अवश्य आणाव्यात, कुत्र्यांसाठी नको. या कुत्र्यांचा आहार मालक ग्रॅमने मोजून ठरवतात. लांबच्या शर्यतीत एकेक कुत्रा दिवसाला दहा हजार कॅलरींपर्यंत ऊर्जा जाळतो आणि ती प्रामुख्याने चरबीतून यावी लागते. परक्या अन्नाने पोट बिघडले तर पूर्ण जोडणी कोलमडते. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तर भारतातून नॉर्वेत आणताच येत नाहीत, त्यामुळे सामानात तूप आणि पेढेही ठेवू नयेत. शेंगदाण्याची चटणी चालते, हे पायवाट यांनी सिद्ध केलेच आहे.

शर्यतीच्या आठवड्यात आल्टातील खोल्या फार आधी भरतात, आणि त्या दिवसांत केनेलचे निम्मे कुत्रे व माणसे शर्यतीत गुंतलेली असू शकतात. म्हणून शर्यत सुटताना पाहावी आणि केनेलचा मुक्काम तिच्या आधी ठेवावा.

घोंगडी जरूर आणावी. लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही, हे धनगरांना आणि उत्तरेकडील मूळच्या सामी लोकांना सारखेच ठाऊक आहे. सुती कपडा मात्र अंगाला लागून एकही नको, घामाने भिजला की तोच गारठवतो. आतून मेरिनो लोकरीचे पातळ कपडे, त्यावर जाड स्वेटर, आणि वरचा वारा अडवणारा झगा व बूट केनेलमध्येच देतात. घोंगडी स्लेजवर पांघरू नये, तिचे टोक पट्टीखाली गेले तर आपण आडव्या व्हाल. संध्याकाळी लाव्वूत, म्हणजे सामींच्या त्या शंकूच्या आकाराच्या तंबूत, शेकोटीशी बसताना ती अंगावर घ्यावी. वजन दोन-अडीच किलो असेल, ते विमानाच्या हिशेबात धरावे.

पायवाट

घोंगडीबाबत एक सावधगिरी. कुत्र्यांच्या आवारात ती जमिनीवर ठेवू नका. तूवासारखी एखादी वयस्क कुत्री तिच्यावर जाऊन बसली की उठत नाही, आणि मालकही तिला उठवत नाहीत.

माणदेशी

मग खाली ठेवीनच.